रोवणीतलं इंग्रजी

वहिनी आठवली, की प्रथम तिचा स्वर ऐकू येतो. श्रावणातल्या ओल्या उजेडात आसगावच्या आमच्या भाताच्या बांधीतून उठणारा, चिखलाचा गंध ल्यालेला, कशालाही न बधणारा.

मॅट्रिकला इंग्रजीनं तिला दोनदा पाडलं होतं, आणि लग्नानंतरही तिनं ते वैर सोडलं नव्हतं. ऑक्टोबरच्या परीक्षेला ती पुन्हा बसणार, हे कळताच माझ्या आईनं बजावलं, की ऐन कापणीत सून कुठं जाणार नाही. वहिनीनं मान खाली घातली, पण माघार घेतली नाही. भारी हट्टी बाई!

रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, बायका ओळीनं वाकून मागं मागं सरकतात. एकीनं गाणं सांगायचं, बाकीच्यांनी झेलायचं, ही रीत. सांगणारी वहिनीच असे. त्या वर्षी तिनं जुन्याच चालीत इंग्रजी वाक्यं ओवली. एकीच्या इच्छेच्या पोटात दुसरीचं जाणं-येणं सामावणारी ती वाक्यं. परीक्षेत नेमकी तीच तिला दगा देत. 'आय वॉन्ट हर टू गो,' ती गाई; कधी 'गो', कधी 'कम'; आणि भाताचे कोवळे पऱ्हे रोवणाऱ्या हातांच्या लयीत सगळी बांधी तेच म्हणे. सर्वांत खडा आवाज आईचा. अर्थ कुणी विचारला नाही.

आश्विनात लवकर येणारा हलका धान पिवळा झाला. परीक्षेच्या सकाळी वहिनी पवनीच्या बसला निघाली, तर आई विळा घेऊन दारात उभी. "कायले जातेस? धान उभा हाये."

"आत्याबाई, म्या जावं असं तं रोवणीभर तुमीच मनत होत्या," वहिनी म्हणाली, आणि तिनं गाण्याचा अर्थ सांगितला.

 आई ओठ मुडपून हसली, आणि वहिनीच्या वाट्याची बांधीही आपणच कापायला निघून गेली.

वहिनी पास झाली, मास्तरीण झाली, आणि ऐन उमेदीत तापानं गेली. फार वाईट झालं. पुढच्या श्रावणात गाणं सांगायला कुणी धजेना, तेव्हा आईनंच सूर लावला, "आय वॉन्ट हर टू कम." एव्हाना अर्थ साऱ्याजणींना ठाऊक होता. हात थबकले, मग एकेकीनं ते झेललं.

तेवढी एक इच्छा काळ पुरवत नाही, आणि स्मृती ती मागायची थांबत नाही.