शंभर दिवसांचं कवच

बारामतीच्या एमआयडीसीत डब्यांची झाकणं बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या आवारात, शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत, मुंगीला शिरायला जागा नव्हती. वडगाव निंबाळकरहून जीपा भरून आल्या होत्या, सुप्याहून ट्रॅक्टर. सगळ्यांना तो फळा बघायचा होता. हार घातलेल्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, 'अपघाताविना दिवस : शंभर'. खाली चाळीस कोरे कुकर, कामगारांचं बक्षीस. आणि शेजारी पाटावर कवचमहाराज.

"प्रेसमध्ये यम बसतो, यम!" महाराज गरजले. "त्याला मी ह्या काळ्या दोऱ्यानं जखडला. शंभर दिवसांत कुणाचं बोट गेलं? नखाला तरी धक्का लागला?"

"न्हाय!" गर्दी ओरडली.

द्वारकाबाईही सगळ्यांबरोबर 'न्हाय' म्हणाली. तिचा उजवा हात मात्र पदराखाली होता आणि त्यातलं चेचलेलं बोट ठणकत होतं.

ती तिथं प्रेस चालवायची. पायानं पट्टी दाबली की साचा धाडकन खाली येतो आणि पत्र्याचं झाकण पडतं. हात मधे राहिला तर हाताचंही झाकण! म्हणून पुढं लोखंडी जाळी असते. जाळीमुळं काम रेंगाळतं, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा राग. महाराजांनी सगळ्यांच्या मनगटाला कवचाचा दोरा बांधल्यापासून तर माणसं जाळी तारेनं वर बांधून खुशाल काम करत होती. आपल्याला काही होणार नाही म्हटल्यावर कोण घाबरतंय?

द्वारकाबाईनंही जाळी वर बांधली, आणि ब्याण्णवाव्या दिवशी बोट सापडलं. रक्त बघून ती आधी घाबरली नाही, आधी लाजली! महाराज सांगून गेले होते, 'ज्याचं मन मैलं, त्यालाच दोरा पावत नाही.' जावेशी तोंड वाजवलं, त्याचंच हे फळ, असं तिनं ठरवूनही टाकलं. शिवाय एक अपघात नोंदला गेला की फळा शून्यावर, आणि चाळीस घरांचा कुकर तिच्यापायी जाणार. घरोघर तोंड कसं दाखवायचं? तिनं बोटाला चिंधी गुंडाळली, 'घरी कडबा कापायच्या कुट्टीत सापडलं' असं सांगितलं आणि कुणी बघू नये म्हणून एसटीनं थेट इंदापूर गाठलं.

तिथल्या शहबाज डॉक्टरांनी चिंधी सोडली आणि कपाळाला हात लावला.

"बाई, कुट्टी बोट कापते, असं चपटं करत नाही. आणि कुट्टीत ग्रीस कुठून आलं? झाकणांच्या कारखान्यातल्याच ना तुम्ही? तीन महिन्यांत तुमच्या कारखान्यातलं हे सातवं बोट. सगळी म्हणे कुट्टीत सापडली!"

"सातवं? कुणाकुणाचं वो?"

"नावं नाही सांगणार. पण तुम्ही एकट्या नाही, एवढं ध्यानात ठेवा."

आठ दिवस तो आकडा तिच्या डोक्यात घणासारखा वाजत होता.

आणि आता मालक आप्पासाहेब माईकवर सांगत होते, "महाराजांची आज्ञा झालीय. उद्यापासून सगळ्या जाळ्या कायमच्या काढायच्या! कवच असताना जाळी म्हणजे अविश्वास! आणि उद्या कामावर येणाऱ्या नव्या पोरीला आज कवच मिळणार. छकुली, ये पुढं!"

छकुली द्वारकाबाईची लेक. अठरा पुरी झालेली. पोरगी हसत पाटापुढं गेली, हात पुढं केला. महाराजांनी दोरा उलगडला. द्वारकाबाई लेकीच्या हाताकडं बघत राहिली. ती कोवळी बोटं उद्या जाळीविना प्रेसखाली जाणार होती.

"थांबा!" तिचाच आवाज तिला ओळखू आला नाही. तिनं हात वर करून सगळ्यांदेखत चिंधी सोडली. "हे बोट कुट्टीत गेलं न्हाय. तीन नंबरच्या प्रेसमदी गेलं. दोरा बांधलेला असताना!"

मग मागून कुणीतरी खेकसलं, "आजच बोलायचं व्हतं व्हय? कुकर तरी पदरात पडू द्यायचे!"

"मैलं मन!" महाराज किंचाळले. "बघा, बघा, पापी बाई!"

"आसंल मैलं," द्वारकाबाई हटली नाही. "पर इंदापूरच्या डॉक्टरकडं हितली सात बोटं गेल्यात. सातांचं बी मन मैलं? मी एकलीच न्हाय. देवाशप्पथ सांगा, आनखी कोन हाय?"

जो तो कुकरांकडं बघू लागला. आप्पासाहेबांचा चेहरा दगडासारखा. द्वारकाबाईला वाटलं, संपलं. नोकरी गेली आणि अब्रूही.

तेवढ्यात साचे बसवणारा अमजद पुढं आला. महिनाभर त्याचा डावा हात खिशाबाहेर दिसला नव्हता. त्यानं तो काढला. करंगळी अर्धी.

"मला वाटलं, मी एकटाच," तो खाली मान घालून म्हणाला.

"मला बी." प्रेसवरची सारजा बोट दाखवत म्हणाली.

"मला बी!" मल्हारनं अंगठा दाखवला.

बघता बघता अकरा हात वर. अकरा जण, आणि प्रत्येकाला वाटत होतं पापी आपण एकटेच! चमत्कार म्हणतात तो हाच. अपघात थांबले नव्हते, सांगणं थांबलं होतं.

"अरे, मला का नाही सांगितलं?" आप्पासाहेब पुटपुटले.

"कसं सांगनार, साहेब?" द्वारकाबाई म्हणाली. "सांगितलं तर कुकर जातोय, लपवलं तर मिळतोय. वर ह्यांनी पापाची भीती घातली. मग माणूस लपवंल न्हाय तर काय करंल?"

मग छकुली बोलली. महाराजांच्या हातातला दोरा घेऊन तिनं त्यांच्याच पुढ्यात ठेवला आणि शेडच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या चालू प्रेसकडं बोट दाखवलं. "महाराज, हा तुमच्याच मनगटाला बांधा. तुमचं मन तर साफ हाय. जाळी काढून तुमी एकदा हात ठेवा साच्याखाली. पट्टी मी दाबते."

महाराजांनी दोन्ही हात झटकन उपरण्यात घेतले. जमिनीवर नजर लावून ते जे उठले ते सरळ जीपकडं! साऱ्या गर्दीनं ते पाहिलं आणि ती जे समजायचं ते समजली.

मंडळी, यंत्राला भक्त कळत नाही आणि पापीही कळत नाही. त्याला मधे आलेला हात तेवढा कळतो. लागलं तर लागलं म्हणा, लाजू नका. जो सांगेल त्याला बोल लावू नका, त्याचं ऐकून जाळी नीट करा. त्या दिवशी अमजदनं तसंच केलं. पान्हा घेतला आणि अर्धवट हातानं वर बांधलेली एकेक जाळी खाली उतरवून घट्ट आवळली.