बंद न पडणारा वेग

ताई घरूनच व्हिडिओ एडिटिंग करायची. धाकट्या भावाने तिच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जोरात पळवला, आणि मिशीला पीळ देत हिंडू लागला. दुपारी ताईचं एका जाहिरातीचं एडिटिंग पूर्ण होत आलं आणि मशीन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, तर पुन्हा तेच.

"थांब, व्होल्टेज वाढवतो, मग हा वेग टिकेल," भाऊ म्हणाला.

"हात लावलास तर याद राख!" ताई कडाडली. "तुझा वेगाचा आकडा काय चाटायचाय? काम तडीस नेतो, तोच वेग चांगला."

तिने त्याला समोर बसवून वेग थोडाथोडा उतरवायला लावला. मूळच्यापेक्षा जेमतेम वर मशीन स्थिरावलं. संध्याकाळी जाहिरात सुखरूप रवाना झाली.

"एवढ्याशा वाढीला कोण ओव्हरक्लॉक म्हणतं?" भाऊ कुरकुरला.

ताईने त्याला कोपरापासून हात जोडले.