शिशाचा पट्टा

स्नेहलच्या सामानाचं नकटीच्या लग्नासारखं झालं होतं, सतराशे विघ्नं. मालवणला समुद्रात बुडी मारून प्रवाळांची मोजदाद करायला तिची निवड झालेली, पण मास्क, पायात घालायचे फिन्स, श्वासाचा रेग्युलेटर ज्याचं त्यानं आणायचं. शेवटी लोणावळ्यात, नौदलातून निवृत्त झालेल्या केशवरावांकडे सगळं वापरलेलं, पण बहुतेक धड मिळालं. आई, धोंडाबाई, आंदर मावळातून मुद्दाम सोबत आली होती. पोरीला पाठवायचं की नाही, हे ती सामान बघून ठरवणार होती.

स्नेहलनं मास्क तोंडाला लावून नाकानं श्वास ओढला. हात सोडले तरी तो चिकटून राहिला.

"म्हसोबा दिसतीस," म्हणून आई चक्क हसली.

मग केशवरावांनी शिशाच्या वड्या ओवलेला पट्टा टेबलावर ठेवला.

"ह्यो कशाला?"

"कमरेला. अंगातला रबरी सूट तरंगतो ना, वहिनी. वजनाशिवाय पोरगी बुडणार कशी?" केशवराव आपल्याच विनोदावर हसले.

आईच्या तोंडचं पाणी पळालं. "पोरीच्या कमरंला वजन बांधायचं न्हाई. चल घरी."

स्नेहलला धक्काच बसला. इतकं जमवून आणलेलं, ते असं मोडणार? पट्ट्याचं बकल ओढून बघत ती घाईनं म्हणाली, "आये, समदीच बांधत्यात. बकल जरा घट्ट हाय, पर चालंल."

"तुजी रतनमावशी पाय घसरून हिरीत पडली न्हाई," आई म्हणाली. "कमरंला वरवंटा बांधून गेलती. वर काढली तवा मी हुते तितं. बोटं गाठीत अडकलेली, नखं तुटलेली. तिला माघारी यायचं हुतं गं. गाठ सुटली न्हाई."

स्नेहल सुन्न झाली. मावशीच्या फोटोला ती लहानपणापासून हार घालत आली होती, आणि हे कुणी कधी बोललं नव्हतं. केशवरावांनीही मान खाली घातली. स्नेहलची नजर पट्ट्याच्या गंजलेल्या बकलावर गेली. संकटात पट्टा एका हातानं, एका झटक्यात सुटला पाहिजे, हे तिला बुडी मारायच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पाठ होतं, तरी ती 'चालंल' म्हणाली होती.

"हा नको," ती केशवरावांना म्हणाली. "ओढल्याबरोबर सुटणारा दाखवा."

केशवरावांनी आतून दुसरा आणला. स्नेहलनं हात पुढं करायच्या आत आईनं तो घेतला, साडीवरून स्वतःच्याच कमरेला बांधला, डोळे मिटले आणि डाव्या हातानं बकल ओढलं.

शिसं धाडकन फरशीवर पडलं. तिघंही दचकली.

आई डोळे मिटूनच उभी राहिली. "सुटला गं, रतने," ती पुटपुटली.

मग पदरानं तोंड पुसून ती स्नेहलला म्हणाली, "ह्यो घे."