झाकल्या छातीचं निदान

मृत्यूचा कायमचा पराभव आमच्या दवाखान्यात सोमवारी सकाळी होणार होता. वीज गेल्यामुळे तो जेवणानंतर ठेवण्यात आला.

तोवर रांग दारापासून जिन्यापर्यंत पोचली होती. छातीचा एक्स-रे नव्या यंत्रात घालायचा, की पडद्यावर हिरवं 'निरोगी' किंवा लाल 'गंभीर'. डॉक्टरांनी नाडीसुद्धा धरायची नाही.

"यंत्र थकत नाही, चुकत नाही, चहा मागत नाही!" संचालक गर्जले. "लाखो फुप्फुसं पाहिलेला महात्मा आहे हा!"

टाळ्या पडल्या. एकाने पडद्यापुढे चपला काढल्या.

माझ्या बहिणीला हिरवं मिळालं. महिनाभर खोकून तिच्या बरगड्या दुखत होत्या, पण स्वारी खूश. "चल दादा, यंत्राने सोडलं मला."

"आई, बस खाली," तिची लेक म्हणाली. ही माझी भाची संख्याशास्त्राची प्राध्यापक. यंत्रं उत्तर देतात ती नेमकं काय बघून, हे शोधणं तिचं संशोधन. त्यामुळे कुठलाही संचालक तिला दुसऱ्यांदा बोलवत नाही.

तिने आईचा एक्स-रे संगणकावर घेतला, त्यातली छाती पूर्ण काळी केली आणि यंत्राला दिला.

निरोगी.

मग वॉर्डात खाटेला खिळलेल्या एका आजोबांचा. छाती काळी. गंभीर.

"अगं, फुप्फुसंच नाहीत आणि निरोगी?" मी विचारलं.

"मामा, ते फुप्फुसं बघतच नाही." हे वाक्य तिने आजवर किती दवाखान्यांत म्हटलं असेल, ते आवाजावरून कळत होतं. "उठता न येणाऱ्यांचा फोटो खाटेवरच काढतात, फिरत्या मशीनने. त्या फोटोच्या कोपऱ्यात तशी खूण येते. यंत्राला शिकवायला दिलेल्या फोटोंत खूणवाले बहुतेक आजारी, बाकीचे धडधाकट. यंत्राने खूण पाठ केली. आई चालत आली, म्हणून निरोगी."

"पण शंभरात सत्त्याण्णव बरोबर!" संचालक.

"तसल्याच जुन्या फोटोंवर, साहेब. खूण बघून तेवढे मीही सांगेन."

छातीच्या डॉक्टरांनी चष्मा शोधला, फोटो दिव्यासमोर धरला. "डावीकडे खाली डाग आहे. ताईंना आजच दाखल करा. घरी गेल्या असत्या तर अवघड होतं."

बहिणीचा चेहरा उतरला. लेकीने तिचा हात धरला आणि रांगेकडे वळून म्हणाली, "यंत्र असो की माणूस, ठाम उत्तर दिलं की विचारा, कशावरून? ते कळेपर्यंत हात जोडू नका."

सगळ्यांनी माना डोलावल्या. रांग मात्र जागची हलली नाही. पुढचे गृहस्थ हळूच म्हणाले, "मॅडम, पटलं सगळं. फक्त माझा तेवढा उभ्यानेच काढायला सांगा."