विहिरीचा पुरावा

लंडनच्या हॅरो भागातल्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात सुप्रभा अकरावी-बारावीच्या मुलांना इतिहास शिकवायची. मूळची नागपूरची, आकड्यांवर फार विश्वास. २००६ साली तिने वर्गाला निबंध दिला : इटालियन राजवटीतला लिबियाचा आर्थिक विकास. रस्ते, बंदरं, पडीक डोंगरावर उभ्या राहिलेल्या शेतवाड्या, सगळ्याचे तक्ते तिने स्वतः काढून दिले होते.

सल्मा या लिबियन मुलीने लिहिलं, की ती जमीन पडीक नव्हतीच. तिथे तिच्या पणजोबांची विहीर होती, मेंढ्या होत्या. माणसांना आधी हाकललं, म्हणून जमीन रिकामी दिसली. सुप्रभाने शेरा मारला, 'घरात ऐकलेल्या गोष्टी म्हणजे पुरावा नव्हे', आणि डी ग्रेड दिली.

पेरेंट्स इव्हिनिंगला सल्मा आजीला घेऊन आली. ऐंशी ओलांडलेली बाई. फक्त अरबी बोलायची.

"मिस, आजी विचारतेय, पुरावा म्हणून काय आणायचं?"

मागे पालकांची रांग लागली होती. सुप्रभा घाईघाईत म्हणाली, "एखादा कागद. सरकारी नोंद वगैरे असेल तर बघू."

म्हातारी बराच वेळ बोलत राहिली. मग सल्मा सांगू लागली, "आजी पाच वर्षांची असताना इटालियन सैनिकांनी सगळ्यांना वाळवंटात नेऊन तारेच्या कुंपणात ठेवलं. तीन वर्षं. तिचे दोन्ही भाऊ तिथेच वारले. पुढे त्यांच्या विहिरीभोवती एका इटालियन कुटुंबाची शेती झाली. पणजोबा तिथेच मजुरीला लागले. ती म्हणते, तुमच्या तक्त्यातली ऑलिव्हची झाडं खरी आहेत. रोपांना पाणी तीच घालायची."

सुप्रभाला मान वर करवेना. सॉरी म्हणायचं होतं, पण तोंडातून निघालं, "थँक यू फॉर कमिंग."

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. श्रीनिवास ऐकून म्हणाला, "मागे स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं होतं, इंडियाला रेल्वे तरी आम्हीच दिली. तू आठवडाभर धुमसत होतीस."

तो टोमणा नव्हता, पण सुप्रभाच्या जिव्हारी लागला.

सोमवारी तिने भर वर्गात सांगितलं, "सल्माचा निबंध बरोबर होता. चूक माझी झाली." पण सल्मा वर्गात नव्हतीच. तिने विषय बदलून घेतला होता.

कँटीनमध्ये गाठ पडली. सुप्रभाने माफी मागितली.

"इट्स ओके, मिस," सल्मा अदबीने म्हणाली.

"आजीला भेटायला येऊ का? त्यांचीही माफी मागायची आहे."

"नको, मिस." सल्माने नजर वळवली. "इतकी वर्षं ती त्याबद्दल बोलायची नाही. मीच निबंधासाठी खोदून खोदून विचारलं. आणि त्या दिवसापासून ती रोज त्या भावांना हाका मारते. तुम्ही आलात तर तिला वाटेल, पुन्हा काहीतरी सिद्ध करायचं आहे."

सुप्रभाने मान हलवली. सल्मा ट्रे उचलून मैत्रिणींकडे निघून गेली.