खालचा मर्विन, वरची फोडणी आणि मधोमध मी

घाबरू नका, काही जळलेलं नाही. एरवी मी ओरडलो तरच लोक मान वर करून माझ्याकडे बघतात, आणि तेही शिव्या देत. म्हणून आज जरा हळू बोलतोय. मी एक धुराचा अलार्म. मिशिगनमध्ये, नोव्हायच्या अलीकडच्या एका छोट्या गावातल्या दुमजली घरात, जिन्याच्या छताला पुरीसारखा चिकटलोय. खाली एका घराचं दार, जिना चढून गेलं की दुसऱ्याचं. दोन्हीकडचा धूर माझ्याच नाकात.

कारखान्यात जन्मलो तेव्हा एका बाईनं माझं बटण दाबलं. मी किंचाळलो. ती म्हणाली, "गुड!" ओरडल्याबद्दल शाबासकी मिळाली ती तेवढीच.

२००१ साली सुलेखा आणि संजीव या नागपूरच्या जोडप्यानं हे घर घेतलं आणि मला इथे बसवलं. पहिल्याच संध्याकाळी सुलेखानं गरम तेलात लाल मिरच्या टाकल्या. ठसका जिन्यापर्यंत आला आणि मी जीव तोडून बोंबललो. ती टॉवेल घेऊन धावत आली. "अरे बाबा, फोडणी आहे ही, आग नाही!" आता मला काय कळणार? धूर तो धूर.

रोज तेच व्हायला लागलं. टॉवेल हलवून हलवून तिचे खांदे दुखायला लागले. शेवटी एक दिवस ती स्टुलावर चढली आणि हॉटेलातून आणलेली प्लास्टिकची शॉवर कॅप तिनं माझ्या तोंडावर चढवली. "स्वयंपाक झाला की काढते हं," म्हणाली. सुरुवातीला काढायचीसुद्धा. मग विसरायला लागली. इथल्या कितीतरी देशी घरांत माझे भाऊबंद असेच टोप्या घालून बसलेत, हे मला पाहुण्यांच्या गप्पांतून कळलं. टोपी पातळ होती. तिच्यातून दिसायचं, ऐकू यायचं, पण धुराचा वास काही येत नसे.

२००५च्या सुमारास संजीवच्या ऑटो कंपनीतून माणसं कमी व्हायला लागली. उद्याचा भरवसा राहिला नाही, तेव्हा त्यांनी खालचा मजला सिटीला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, लीजवर दिला. ज्यांचं राहतं घर गेलं अशा कुटुंबांना सिटी अशा जागेत ठेवते. म्हणजे घर यांचं, आणि भाडेकरू सिटी पाठवेल तो.

सिटीनं पाठवला मर्विन. सोबत त्याची म्हातारी आई, डोरिस. ती व्हीलचेअरवर, त्यामुळे तिला तळमजलाच हवा. असा तळमजला मिळेपर्यंत ही मायलेकरं मोटेलच्या एका खोलीत दिवस काढत होती. दारातून आत आल्यावर डोरिसनं भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "मर्विन, आता मी इथून हलणार नाही."

मर्विन काही साधुसंत नव्हता, उगीच कशाला खोटं बोलू? गाणी अशी लावायचा की माझे स्क्रू हलायचे. ड्राइव्हवेवर विटांवर चढवलेली बिनचाकाची गाडी. सुलेखानं हौसेनं पेरलेल्या मेथीत बिअरचे डबे. जिन्यात बसून सिगरेटी फुंकायचा. संजीव एकदा समजवायला गेला, तर माझ्या डोळ्यांदेखत दार त्याच्या नाकावर आपटलं. काही सांगायला गेलं की मर्विन आधी ओरडणार, मग ऐकणार, आणि बरेचदा ऐकणारच नाही.

"यार संजीव, हे काय लाइफ आहे?" सुलेखा रडकुंडीला यायची. "सिटीला कॉल कर ना!"

संजीवनं केला. एकदा केला, पुन्हा केला. सिटीच्या बाईंनी, म्हणजे मिसेस कोवाल्स्कींनी, मर्विनला तंबी दिली. चार दिवस शांतता, पुन्हा जैसे थे. शेवटी २००७च्या ऑक्टोबरात एका दुपारी त्या स्वतःच पाहणीला आल्या.

सुलेखाकडे त्या संध्याकाळी पाहुणे यायचे होते. तर्रीवाली भाजी सकाळीच करून झालेली, आणि माझ्या तोंडावर टोपी तशीच.

कोवाल्स्कीबाईंनी गाडी बघितली, मेथीतले डबे बघितले. मग जिन्यात आल्या, वर बघितलं, आणि त्यांचा चेहराच बदलला. "हे कोणी झाकलं?" त्यांचा आवाज थंड झाला. "गाणी, कचरा, सगळं एक वेळ चालवून घेईन. पण अलार्म झाकणाऱ्या भाडेकरूला सिटी एक दिवससुद्धा ठेवत नाही. मर्विन, जिन्यात सिगरेट ओढता यावी म्हणून केलंस ना?"

"मी नाही!" मर्विन गरजला. "त्या वरच्या बाईनं केलंय! विचारा तिला!"

"तू कधीच काही केलेलं नसतं, मर्विन."

तो आणखी मोठ्यानं ओरडायला लागला. जितका ओरडत होता तितका खोटा वाटत होता. मला त्याचं दुःख कळत होतं हो! रोज उठून बोंबलणाऱ्यावर खऱ्या वेळी कोण विश्वास ठेवतं? माझं तर आयुष्यच त्यात गेलं.

वरच्या पायरीवर संजीव सुलेखाच्या कानाशी लागला. "गप्प बस. काही बोलू नकोस. आपसूक जातोय तो."

तेवढ्यात खालच्या दारात व्हीलचेअर आली. डोरिसनं कोणाशीच वाद घातला नाही. लेकाची बाही धरून एवढंच विचारलं, "आता कुठे जायचं रे? परत मोटेलात?"

सुलेखानं नवऱ्याचा हात बाजूला केला. दणादण जिना उतरून खाली आली. "मी झाकलाय तो," ती म्हणाली. "गेली कित्येक वर्षं झाकतेय. मिरचीचा धूर होतो म्हणून. ह्याचा काही संबंध नाही."

मग कोवाल्स्कीबाईंनी तिला असं काही फैलावर घेतलं की संजीव वरच्या वर घरात पसार झाला. जिना दोघांचा, जीव चौघांचे, आणि तुम्ही मालक असून असं करता? पुन्हा दिसलं तर लीज कॅन्सल! सुलेखा मान खाली घालून ऐकत राहिली. टोपी तिनं स्वतःच्या हातानं काढली आणि कचऱ्यात टाकली. काय सांगू, कित्येक वर्षांनंतरचा तो मोकळा श्वास!

बाई गेल्यावर मर्विन तिथेच उभा होता. "खरं का सांगितलंस? मी गेलो असतो की."

"तू गेला असतास, पण तुझी आईही गेली असती ना," सुलेखा डोळे पुसत म्हणाली. आणि लगेच पदर खोचल्यासारखी उभी राहिली. "ते असू दे. ती गाडी हलव. आणि गाणी हळू लाव!"

मर्विन हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

गाडी हलायला महिना लागला, पण हलली. डबे मेथीतून पिंपात गेले. सिगरेट अंगणात गेली. संजीवला मर्विनशी सरळ बोलायला वेळ लागला, पण बर्फ काढायला दोघं एकच फावडं वापरायला लागले. आणि फोडणीचं म्हणाल, तर सुलेखा तेल तापलं की जिन्यात येऊन हाक मारते, "फोडणी!" खालून डोरिसआजी आपल्या खड्या आवाजात ओरडतात, "मर्विन! फोडनी!" मग तो सगळं टाकून येतो, पुढचं दार सताड उघडून धरतो आणि ठसका बाहेर जाईपर्यंत थंडीत शिंकत उभा राहतो. तरी कधी कधी मी ओरडतोच. पण आता मर्विन जिना चढून वर बघून येतो, आणि सुलेखा आधी आजींची व्हीलचेअर अंगणात काढते. काही नाही असं कळलं की सगळे मिळून मला नावं ठेवतात. ठेवू देत.

आता २००८ चाललंय. माझा रंग पिवळा पडलाय, आवाज घोगरा झालाय. दोन-तीन वर्षांत मला काढून नवा बसवतील. त्याचं दुःख नाही. नव्या भावाला आणि तुम्हालाही एवढंच सांगणं आहे. घरात कोणी ओरडत असेल तर त्याचं तोंड बांधायची घाई करू नका. आधी काय जळतंय ते बघा.

गेल्या आठवड्यात कोवाल्स्कीबाई लीज संपत आलं म्हणून आल्या होत्या. माझ्या खालीच उभ्या राहून त्यांनी सुलेखाला विचारलं, "दुसरं कुटुंब पाठवू का? ह्या भाडेकरूबद्दल काही तक्रार?"

"आहे ना," सुलेखा म्हणाली. "शनिवारी अजूनही गाणी फार मोठ्यानं लावतो. त्याला जरा रागवा. आणि ह्यांनाच राहू द्या."