मोहिद्दीनची पित्तनळी

उंब्रजच्या हायवेला मोहिद्दीनचं लोखंड कातायचं, लेथचं दुकान आहे. गेल्या महिन्यात त्याचे डोळे पिवळे झाले आणि उजव्या बरगडीखाली कळा यायला लागल्या. सोनोग्राफीत पित्ताची नळी फुगलेली दिसली, पण तिचं खालचं टोक आतड्यातल्या गॅसमुळं दिसेना. डॉक्टरांनी साताऱ्याला एमआरसीपी, म्हणजे पित्तनळीचा एमआरआय, करायला सांगितलं.

मोहिद्दीन उपाशीपोटीच मुलगी नौशीनला घेऊन सेंटरवर गेला. मशीन चालवणाऱ्या उत्कर्षानं फॉर्म भरायला घेतला.

"काका, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलाय?"

"लय वेळा. एक तर डॉक्टरनं सुईनं काढला."

"पूर्ण निघाला होता?"

"आता ते कुणाला ठावं?"

उत्कर्षानं पेन खाली ठेवलं. "आत मोठं चुंबक आहे. कण राहिला असेल तर तो हलून डोळ्याला इजा होईल. आधी डोळ्यांचा एक्स-रे काढू."

नौशीनचा चेहरा उतरला. मोहिद्दीन मात्र दाराच्या काचेतून मशीन न्याहाळत होता. "एवढी ताकद हाय व्हय त्यात?"

एक्स-रेत काही निघालं नाही. मग अर्धा तास तो त्या बोगद्यात पडून होता. ठकठक चालू होती आणि स्पीकरवरून उत्कर्षा सांगेल तसा तो श्वास रोखत होता.

बाहेर आल्यावर त्यानं चित्र बघायला मागितलं. काळ्या पडद्यावर फांद्या फुटल्यासारखी पांढरी नळी होती, शेजारी स्वादुपिंडाच्या नळीची बारीक रेघ.

"रंग कशानं भरला, ताई? सुई तर टोचली न्हाई."

"रंग नाहीच. आतलं पित्त पाण्यासारखं पातळ असतं, ते या फोटोत आपसूक पांढरं दिसतं."

"मग ह्ये दोन काळं ठिपकं? खडं?"

"ते डॉक्टर सांगतील," म्हणत ती हसली.

खडेच होते. चार दिवसांनी डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून ते काढले. निघाले मात्र तीन.

"फोटोत तर दोनच व्हतं!" शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी आकडा सांगताच मोहिद्दीन म्हणाला.

"तिसरा अगदी बारीक होता. एवढे बारीक कधीकधी फोटोतून सुटतात."

"आणि चौथा असला तर?"

"बारका फुगा नळीतून ओढून ती साफ केलीय. नंतर एक्स-रेत दिसणारं औषध नळीत सोडून परत बघितलंय."

"अब्बा, आता पडा गप," नौशीन म्हणाली.

"पडतो की. डॉक्टर, तो फुगा बघाय मिळंल का?"

डॉक्टरांनी सिस्टरला एक नवा पाकीटबंद फुगा आणायला पाठवलं.